नेटपलीकडचा हात

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावी यात्रेनिमित्त व्हॉलीबॉलचे सामने भरले होते. देवळामागचे पटांगण, चुन्याने आखलेले मैदान, दोन लोखंडी पाइप पुरून त्यांना बांधलेले नेट आणि बांबूंवर चढवलेले हॅलोजनचे दिवे. अंतिम सामन्याला पंच म्हणून मला उभे केले होते. माझी पात्रता एवढीच, की मी दोन्ही संघांपैकी कोणाच्याच गावचा नव्हतो आणि माझ्याजवळ शिट्टी होती. शाळेतली दोन बाके एकावर एक ठेवून त्यांवर मी उभा होतो.

शेवटचा सेट १४-१३ वर आला. आघाडीवरच्या संघाची सर्व्हिस होती. समोरून आलेला स्मॅश त्यांनी कसाबसा उचलला, दुसऱ्या खेळाडूने तो मैदानात परत ढकलला आणि तिसऱ्याने दोन्ही हात जोडून खालून उंच मारला. चेंडू नेटकडे येत होता, पण अजून त्यांच्याच बाजूला होता. समोरच्या संघातला एक उंच, सडपातळ मुलगा नेटजवळ उडाला. त्याने दोन्ही हात नेटवरून पलीकडे नेले आणि चेंडू तिथल्या तिथे खाली दाबला. नेटला त्याचे बोटही लागले नाही. मी शिट्टी वाजवली, तळहात खाली करून हात नेटवर आडवा धरला आणि गुण आघाडीच्या संघाला दिला. १५-१३. सामना संपला.

तो मुलगा माझ्या बाकांखाली आला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘सर, नियम कुठला?’’

मी म्हणालो, ‘‘हात पलीकडे गेला की फाऊल.’’

त्याने एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि तो निघून गेला. भोवतीच्या दोनतीनशे माणसांतून कोणीही हरकत घेतली नाही. त्याच्या कर्णधारानेही नाही. हात पलीकडे गेला की फाऊल, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

काही महिन्यांनी एका क्रीडाशिक्षकांकडून मला इंग्रजी नियमपुस्तिका मिळाली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचली आणि समजले, की मी चुकलो होतो. मी पाहिले ते खरे होते. हात पलीकडे गेलाच होता. पण ती चूक नव्हती. तेव्हापासून व्हॉलीबॉलच्या जुन्या-नव्या नियमांचा माग काढण्याचा मला नाद लागला. नेटला हात लागणे आणि नेटपलीकडे हात जाणे या दोन साध्या वाटणाऱ्या गोष्टींभोवती सव्वाशेहून अधिक वर्षे काय काय घडले, आणि आमच्या गावच्या पटांगणावर त्यातले काय पोहोचले व काय पोहोचले नाही, ते या लेखात मांडतो आहे.

चेंडू कुणाचा?

आधी आजचा नियम समजून घेऊ. व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. मधोमध मध्यरेषा आणि तिच्यावर नेट. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. नेट स्वतः फक्त एक मीटर रुंद असते, पण नियमांच्या दृष्टीने ते तिथे संपत नाही. मध्यरेषेपासून वर सरळ उभा एक अदृश्य पडदा आहे असे समजावे. नेट हा त्या पडद्याचा डोळ्यांना दिसणारा तुकडा. पडद्याच्या अलीकडची हवा आपली, पलीकडची त्यांची.

कबड्डीत मध्यरेषा ओलांडून जाणे हाच खेळ असतो. व्हॉलीबॉलमध्ये उलट आहे. इथे चेंडूने ओलांडायचे आणि माणसाने थांबायचे. पण माणसाने नेमके कुठे आणि केव्हा थांबायचे, यावर सगळे वाद आहेत.

एका संघाला चेंडू परतवण्यासाठी तीन स्पर्श मिळतात. हे तीन स्पर्श म्हणजे त्या संघाचा हक्क. तो हक्क पुरा होईपर्यंत समोरच्याने त्यांच्या हवेत हात घालून चेंडूला शिवायचे नाही. लिफ्टरने नेटजवळ चेंडू उचलून दिला आहे, स्मॅशर उडाला आहे, आणि त्याचा हात चेंडूवर पडण्याआधीच समोरच्या ब्लॉकरने पलीकडे हात नेऊन चेंडू ढकलला, तर ती चूक. त्याने समोरच्याचा खेळ तोडला. पण स्मॅशरने चेंडू मारला, की त्याच क्षणापासून ब्लॉकरला पलीकडे हात नेऊन चेंडू अडवता येतो. आक्रमण झाले, आता चेंडूवर दोघांचाही दावा आहे.

इथे ‘आक्रमण’ या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. नियमांत आक्रमण म्हणजे केवळ स्मॅश नव्हे. सर्व्हिस आणि ब्लॉक सोडून, चेंडू समोरच्या बाजूला पाठवणारी प्रत्येक कृती म्हणजे आक्रमण. खालून हात जोडून मारलेला लोंबता चेंडूही त्यात आला. तिसरा स्पर्श झाला, की त्या संघाजवळ त्या चेंडूचे काहीच उरत नाही. मग तो अजून त्यांच्या हवेत असला, तरी समोरच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूने पलीकडे हात नेऊन तो अडवावा. नियमाला मान्य आहे. त्या रात्री त्या मुलाने नेमके हेच केले होते.

ही मोकळीक ब्लॉकला आहे, स्मॅशला नाही. स्मॅशरने चेंडूला पहिला स्पर्श आपल्याच बाजूला करायचा असतो. मारल्यानंतर हात वेगाने पलीकडे गेला तर चालते. बॅडमिंटनमध्येही असेच आहे : फुलाला रॅकेट आपल्या बाजूला लागली पाहिजे, मग ती फटक्याच्या ओघात पलीकडे गेली तर हरकत नाही. आणि चेंडू अगदी नेटच्या माथ्यावर असेल तेव्हा? चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे २१ सेंटिमीटर. तो माथ्यावर असताना त्याचा काही भाग यांच्या हवेत आणि काही त्यांच्या हवेत असतो. अशा वेळी दोघांनीही आपापल्या बाजूने त्याला शिवावे. दोघांचे हात एकदमच लागले आणि चेंडू खेळात राहिला, तर ज्यांच्या बाजूला तो पडू लागेल त्यांना नव्याने तीन स्पर्श मिळतात.

म्हणजे पंचाने ‘हात कुठे होता’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्या क्षणी चेंडू कुणाचा होता’ हे विचारावे लागते. मी पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा विसरलो. खरे म्हणजे दुसरा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हते.

होलियोक ते टोकियो

मग ‘हात पलीकडे गेला की फाऊल’ हे सगळ्या गावाला कुठून ठाऊक होते? हा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ चा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलियोक गावी वायएमसीएच्या व्यायामशाळेत विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये चार वर्षांपूर्वी बास्केटबॉल सुरू झाला होता. पण तो धक्काबुक्कीचा, दमवणारा. मॉर्गन यांच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना तो झेपेना. त्यांनी टेनिसचे नेट घेतले, ते साडेसहा फुटांवर, म्हणजे साधारण माणसाच्या डोक्याच्या थोडे वर बांधले आणि चेंडू हाताने इकडून तिकडे मारायचा खेळ रचला. बॅडमिंटनवरून त्याला ‘मिंटोनेट’ नाव दिले. (बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत, हे पुणेकर वाचकांना सांगायला नको.) पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, स्प्रिंगफील्डच्या प्रात्यक्षिकानंतर त्याचे नाव ‘व्हॉलीबॉल’ झाले.

या जन्मकथेत नेटचा सगळा अर्थ आहे. दोन बाजूंच्या माणसांचे अंग एकमेकांना लागू नये, यासाठीच नेट आले. साहजिकच सुरुवातीचा नियम कडक होता. १८९७ मध्ये छापलेल्या नियमांनुसार खेळताना कोणाचाही नेटला स्पर्श झाला, की चेंडू बाद आणि चूक त्याच्या बाजूची. एवढेच नव्हे, खेळातला चेंडू नेटला लागला तरी तो परतवला गेला नाही असे धरत. नेट म्हणजे सोवळ्यातली वस्तू. माणसानेही शिवायचे नाही आणि चेंडूनेही.

मग खेळ वर चढला. १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडून तो खाली हाणायचा, ही जोडी रूढ झाली. स्मॅश आला म्हणून त्याला अडवणारा ब्लॉक आला. आता दोन्ही बाजूंचे हात नेटच्या माथ्यावर भिडू लागले आणि पडदा नेमका कुठे, हा प्रश्न खरा झाला. १९४७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या सुरुवातीच्या काळातला ब्लॉक आजच्यासारखा नव्हता. ब्लॉकरने उडायचे, हात वर धरायचे, पण आपल्याच हवेत. हातांची भिंत नेटपासून अलीकडे राहत असल्याने नेट आणि हात यांच्यामध्ये फट उरे. स्मॅशरने चेंडू हातांवर मारला, की तो त्या फटीतून ब्लॉकरच्याच पायाशी पडायचा.

१९६४ मध्ये टोकियोला व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. २३ ऑक्टोबरला महिलांचा सुवर्णपदक ठरवणारा सामना जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला. जपानच्या बहुतेक मुली काइझुका इथल्या निचिबो कापडगिरणीच्या संघातल्या, प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. पहिले दोन सेट जपानने १५-११, १५-८ असे घेतले. तिसऱ्यात १४-९ अशी आघाडी होती आणि तिथून रशियन मुलींनी १४-१३ पर्यंत गाठले. कांतो भागात तो सामना ६६.८ टक्के घरांतल्या दूरचित्रवाणीवर चालू होता. शेवटचा गुण कसा आला? स्मॅशने नाही, सर्व्हिसने नाही. सोव्हिएत खेळाडूचा हात नेटपलीकडे गेला म्हणून शिट्टी वाजली. १५-१३. महिला व्हॉलीबॉलचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण ‘ओव्हर नेट’ने ठरले.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. १४-१३ वरून १५-१३ आणि शेवटची शिट्टी ओव्हर नेटची! फरक एवढाच, की ती शिट्टी बरोबर होती.

टोकियोनंतर, १९६५ पासून, ब्लॉकरला नेटपलीकडे हात न्यायची परवानगी मिळाली. त्या एका गुणामुळे नियम बदलला असे मी म्हणत नाही. बदल ब्लॉकपुरता होता. पण त्याने खेळाचे रूप पालटले. ब्लॉकरचे हात आता नेटवरून पलीकडे वाकू लागले, फट बुजली, आणि स्मॅश केलेला चेंडू स्मॅशरच्याच पायाशी पडू लागला.

पुढचे बदल म्हणजे या मोकळिकीनंतरचे तोल सावरणे. १९६८ पासून नेटच्या दोन्ही कडांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या अँटेना आल्या. नेटच्या वर त्या ८० सेंटिमीटर निघतात आणि चेंडू कोणत्या फटीतून जायला हवा ते दाखवतात. १९७६ मध्ये त्या एकमेकींच्या जवळ, बरोबर नऊ मीटरवर आल्या. त्याच वर्षापासून ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत धरणे बंद झाले, म्हणजे ब्लॉकनंतरही संघाला पुरते तीन मिळू लागले. उंच संघ सर्व्हिससुद्धा नेटवरच ब्लॉक करू लागले होते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकनंतर त्यावर बंदी आली. गंमत म्हणजे अपंग खेळाडूंच्या बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस ब्लॉक करणे आजही नियमात बसते. तिथे नेट पुरुषांना १.१५ आणि महिलांना १.०५ मीटरवर असते. म्हणजे हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. ज्या खेळात जो तोल साधायचा, तो साधण्यासाठी माणसांनी ते ठरवले आहेत.

नेट टच : तीनदा फिरलेला नियम

ओव्हर नेटपेक्षाही जास्त भांडणे नेट टचवरून होतात. इथे नियम एका दिशेने गेलाच नाही. तो पुढे गेला, मागे आला.

शंभर वर्षे साधा हिशेब होता : शिवले की चूक. १९९५ पासून, जो खेळाडू चेंडू खेळतच नव्हता त्याचा चुकून झालेला स्पर्श माफ झाला. २००९ मध्ये त्याहून मोठी सूट आली. नेटला लागणे ही मुळात चूकच नाही, खेळात अडथळा आला तरच चूक. अडथळा कशाला म्हणायचे, तर चेंडू खेळताना नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला हात लागला, नेटचा आधार घेतला, समोरच्याला आडकाठी केली तर. खालच्या काळ्या जाळीला गुडघा घासला तर खेळ चालू. हेतू चांगला होता, खेळ सारखा तुटू नये हा. पण सात सेंटिमीटरच्या पट्टीला लागले की तिच्या खालच्या दोरीला, हे क्षणार्धात कोण ठरवणार? २०१५ मध्ये नियम पुन्हा कडक झाला. आज दोन अँटेनांच्या मधल्या नेटच्या कोणत्याही भागाला, चेंडू खेळण्याच्या कृतीत स्पर्श झाला तर ती चूक आहे.

यातला कळीचा शब्द ‘कृती’. ती चेंडूला हात लागण्यापुरती नसते. उडी घेणे, मारणे किंवा मारायचा प्रयत्न करणे, आणि तोल सांभाळून खाली उतरणे, हे सगळे त्यात येते. म्हणून चेंडूजवळ उडालेल्या ब्लॉकरच्या हाताला चेंडू लागलाच नाही, पण उतरताना त्याचे पोट नेटला घासले, तर चूक. तोच खेळाडू नीट उतरला, वळला, पुढच्या खेळासाठी मागे निघाला आणि त्याचा खांदा नेटला लागला, तर चूक नाही. मात्र त्याने समोरच्याच्या खेळात अडथळा येता कामा नये. समोरच्याचा स्मॅश नेटमध्ये बसला आणि फुगलेले नेटच ब्लॉकरच्या हातांवर आदळले, तर ब्लॉकरची चूक नाही. तो नेटला गेला नाही, नेट त्याच्याकडे आले. अँटेनांच्या बाहेरच्या नेटला, दोऱ्यांना, खांबाला हात लागला तरी चालतो, फक्त त्याने खेळात अडथळा येऊ नये. मुलींच्या सामन्यांत वेणी नेटला लागली म्हणून ओरडा होतो. नुसते केस लागणे ही चूक नाही, त्याने समोरच्याचा खेळ अडला किंवा खेळ थांबला तर गोष्ट वेगळी. आणि सगळ्यांत जास्त भांडण ज्यावर होते ते : चेंडू आधी जमिनीवर पडला आणि नेटला हात नंतर लागला, तर त्या हाताला काही अर्थ नाही. चेंडू पडला तिथेच तो डाव संपला.

इथेही तोच प्रश्न आहे. त्या स्पर्शाने खेळात काही बदलले का? चेंडू खेळणाऱ्याच्या बाबतीत नियम ‘बदललेच’ असे धरून चालतो. बाकीच्यांच्या बाबतीत पाहून ठरवतो.

नेटखालचा पाय

पडदा नेटच्या वर जसा आहे तसा खालीही आहे, आणि तिथे गुणापेक्षा मोठी गोष्ट पणाला असते. मध्यरेषा पाच सेंटिमीटर रुंद असते. पाय तिच्यावरून पलीकडे गेला, पण त्याचा काही भाग रेषेवर टेकलेला किंवा रेषेच्या बरोबर वर असेल, तर चालते. पाय पुरता पलीकडे गेला तर चूक. हात, गुडघा किंवा बाकीचे अंग पलीकडे टेकले तर समोरच्याला अडथळा झाला का, एवढेच पाहायचे.

पायाबाबत ही कडकाई उगाच नाही. व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळणे ही नेहमीची दुखापत आहे, आणि ती पुष्कळदा नेटजवळच होते. एक जण ब्लॉक करून खाली येतो आणि त्याचा पाय नेटखालून आलेल्या दुसऱ्याच्या पायावर पडतो. मी पाहिलेल्या गावच्या सामन्यांत ओव्हर नेटसाठी लोक मैदानात उतरतात, पण पाय पलीकडे गेल्याची शिट्टी क्वचितच वाजते. मध्यरेषेचा चुना दुसऱ्याच सेटला उडालेला असतो. मला विचाराल तर स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोन सेटच्या मध्ये बाकी काही केले नाही तरी चालेल, मध्यरेषा पुन्हा आखावी. किनाऱ्यावरच्या व्हॉलीबॉलमध्ये मध्यरेषाच नसते, तिथे समोरच्याला अडथळा झाला का एवढेच पाहतात. पण तिथे एका बाजूला दोनच खेळाडू असतात आणि पायाखाली वाळू असते.

पटांगणावरचे थर

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. गावाला जे ‘ठाऊक’ होते ते आले कुठून?

बरीच वर्षे मी वेगवेगळ्या गावच्या मैदानांवर ऐकलेले नियम एका वहीत उतरवत गेलो. ते छापील नियमांशी ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले, की यांतले बहुतेक मनाने रचलेले नाहीत. ते जुने आहेत. ‘नेटला काहीही लागले की फाऊल’ हा नियम १९९५ पर्यंत खराच होता. ‘हात पलीकडे गेला की फाऊल’ हा १९६४ पर्यंतचा. ‘ब्लॉकला लागला तो एक टच’ हा १९७६ च्या आधीचा. ‘सर्व्हिस ब्लॉक करता येते’ हा १९८४ च्या आधीचा. ‘पाय लावला की बाद’ हा १९९५ च्या आधीचा. तेव्हापासून अंगाचा कोणताही भाग, पायसुद्धा, चेंडूला लागलेला चालतो. ‘सर्व्हिस नेटला लागून गेली की गेली’ हा विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंतचा. आता नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस खेळात असते.

उत्खननात जसे थर लागतात तसे हे थर आहेत. हा खेळ भारतात वायएमसीएच्या मार्गाने आला. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले, तेव्हापासून असे खेळ शिकून गेलेले शिक्षक देशभर पांगले. पुढे शाळा, पोलीस, फौज यांतून तो गावात पोहोचला. कोणी रजेवर आलेला जवान, कोणी बदलून आलेले गुरुजी. ज्याने ज्या साली नियम शिकला, त्याने त्या सालचा नियम गावाला दिला. नियमपुस्तिका दर काही वर्षांनी बदलत राहिली, इंग्रजीत. पटांगणावरचा नियम तोंडी होता, तो तिथेच थांबला. एकाच मैदानावर १९६४ चा ओव्हर नेट आणि २०१५ चा नेट टच शेजारी शेजारी नांदताना मी पाहिले आहेत, आणि दोन्ही बाजू शपथेवर सांगतात की खरा नियम आमचाच.

यात गावाचा दोष मी मानत नाही. पण किंमत कोणीतरी मोजतो.

कोण कुठून पाहतो

पंचांच्या बाजूनेही दोन शब्द लिहायला हवेत. ओव्हर नेट दिसण्याची मैदानावर एकच जागा आहे, पडद्याच्या रेषेत. म्हणून पहिला पंच खांबापाशी उंच उभा असतो. त्याची नजर नेटच्या माथ्यापेक्षा साधारण ५० सेंटिमीटर वर असावी असा संकेत आहे. मैदानामागे बसलेल्या प्रेक्षकाला हात पलीकडे गेल्यासारखा दिसतो, पण तो किती पलीकडे हे त्याला कळूच शकत नाही. नेट टचसाठी दोघांनी काम वाटून घेतलेले असते : पहिला पंच मुख्यतः स्मॅश करणाऱ्या बाजूकडे बघतो, समोरच्या खांबापाशी जमिनीवर उभा असलेला दुसरा पंच ब्लॉक करणाऱ्या बाजूकडे. पाय पलीकडे गेला का, हेही त्याच्याच नजरेत. मोठ्या स्पर्धांत २०१० नंतरच्या दशकात कॅमेऱ्याने तपासणी करायची सोय आली. गावी कॅमेरा नसतो आणि बहुधा दुसरा पंचही नसतो. तो एक माणूस वाढवला तरी निम्मी भांडणे मिटतील. आणि नेट ताणून बांधावे. सैल नेट वाऱ्यानेही कोणाच्या तरी अंगाला लागते.

परत त्या मुलाकडे

चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या क्रीडासप्ताहात मला बोलावणे होते. तिथले क्रीडाशिक्षक माझ्याकडे पाहून हसले. उंच, आता थोडे पोट सुटलेले. ‘‘सर, ओळखलंत का? १४-१३.’’

मी ओळखले. मी त्यांना सांगितले, की तो निर्णय चुकीचा होता, तिसरा टच झाला होता, चेंडू तुमचाही होता. कोणत्या साली नियम बदलला तेही सांगितले. इतकी वर्षे मनात घोळवलेले असल्याने मी जरा जास्तच बोललो असेन.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘पण हात पलीकडे गेलाच होता सर. मला वाटायचं, आपल्यामुळे फायनल गेली. त्यानंतर मी ब्लॉकला हात पलीकडे नेलेच नाहीत. कॉलेजात सर ओरडायचे, एवढा उंच आहेस आणि तुझ्या ब्लॉकमधून चेंडू तुझ्याच पायाशी पडतो म्हणून.’’

नेट आणि हात यांच्यामधली ती फट मी जुन्या पुस्तकांत वाचली होती. माझ्या एका शिट्टीने हा मुलगा पुढे खेळला तितकी वर्षे १९६५ च्या आधीचा ब्लॉक खेळत राहिला होता.

मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘ते जाऊ द्या सर. तुम्ही हे मराठीत एका कागदावर लिहून द्या. पोरांना दाखवतो.’’

त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात बसून मी लिहून दिले. कागद पाठपोट भरला. त्यांनी तो वाचला, मग पेन मागून घेतले आणि सगळ्यांत वर, मोकळ्या जागेत, एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली : ‘शिट्टी वाजवण्याआधी विचारा, चेंडू कुणाचा?’